कुणाच्या दंडावरून

आमच्या मोडीच्या वर्गाला त्या वर्षी नऊ विद्यार्थी होते आणि त्यांतले आठ मला आवडत. आठही जण मन लावून चुका करत, मी दुरुस्त केल्या की आभार मानत, आणि पुढच्या शनिवारी त्याच चुका पुन्हा घेऊन येत. शिकवणाऱ्याला याहून जास्त सुख नसतं. नववी येरवड्याहून यायची. हडपसरला कुठल्याशा आयटी कंपनीत नोकरीला होती. तिला एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नसे.

मी तिच्यावर जळत होते. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःला बरं दाखवायचा प्रयत्न करण्याची शक्यता आहे. एकसष्ट वर्षांच्या, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बाईने सव्विशीतल्या मुलीवर जळणं शोभत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळल्याने जळणं थांबत असतं तर पुण्यात इतिहासाची इतकी मंडळं निघालीच नसती.

आमचं मंडळ शनिवार पेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. एक लांबोडकी खोली, चार लोखंडी कपाटं, आणि खालून दिवसभर येणारा पातेल्यांचा आवाज. कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे सर. त्यांनी मला मोडी शिकवली, त्याला तीस वर्षं झाली. आता ते नव्वदीला टेकले आहेत. सर सगळ्यांना अहो-जाहो करतात आणि कौतुक कुणाचंही करत नाहीत. फारच आवडलं तर ‘बरं’ म्हणतात. तीस वर्षांत मला तीन वेळा ‘बरं’ मिळालं आणि तिन्ही वेळा मी कोणती साडी नेसले होते ते मला सांगता येईल.

सरांचं नाव झालं ते एका छोट्या पुस्तकामुळे. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला, लोक देवीच्या लसीला भुतासारखे भीत होते तेव्हा, आमच्या पेठेतला एक तरुण वैद्य सरकारी नोकरी धरून गावोगाव लोकांना देवी टोचत फिरला. लोक त्याला देवी डॉक्टर म्हणत. जातभाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली, तरी तो मागे हटला नाही. सरांनी त्याची हकीकत जुन्या कागदांतून बाहेर काढली. मग चौकात त्याच्या नावाची पाटी लागली आणि शाळेतली मुलं वक्तृत्व स्पर्धेत त्याच्यावर बोलू लागली.

त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं होतं, आणि मुखपृष्ठावर सरांच्या नावाखाली ‘सहसंपादक’ म्हणून माझं नाव येणार होतं. आयुष्यभर मी इतरांच्या पुस्तकांच्या सूची केल्या, मुद्रितं तपासली, दाखले काढून दिले. छापील पानावर माझं नाव एकदाही आलं नव्हतं. आभाराच्या यादीत मी ‘मंडळाचे सर्व कार्यकर्ते’ यांत मोडत असे. तेव्हा हे सहसंपादकपण मला किती हवं होतं ते लपवण्यात अर्थ नाही.

इथे त्या डॉक्टरांच्या वहीबद्दल सांगायला हवं, नाही तर पुढचं काही कळायचं नाही. त्या काळी लस बाटलीत टिकत नसे. ती मुलांच्या दंडावर जगायची. एका मुलाला टोचलं की आठव्या दिवशी त्याच्या दंडावर टपोरा फोड येई. त्यातलं पाणी सुईवर घेऊन पुढच्या मुलाला टोचायचं. पुढच्या गावी जायचं तर फोड आलेलं मूल बरोबर न्यावं लागे. आठ दिवसांत नवं मूल मिळालं नाही की लस मेली. मग मुंबईहून नवी येईपर्यंत काम बंद. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सगळीकडे लस मरायचीच. आमच्या डॉक्टरांची मात्र कधी मेली नाही, आणि त्यांचं थोरपण त्यातच होतं. ‘कोणत्या युक्तीने त्यांनी ती बारा महिने जिवंत ठेवली ते कळत नाही, पण ठेवली हे निश्चित,’ असं सरांनी लिहिलं होतं.

डॉक्टर रोजची नोंद तिथी घालून मोडीत ठेवत. वहीला पाच रकाने होते. मुलाचं नाव, गाव, वय, देवी उठल्या की नाही, आणि शेवटचा रकाना ‘कोणाच्या दंडावरून’. ही वही त्यांच्या वंशजांनी मंडळाला दिली तेव्हा ती उतरवून काढायचं काम सरांनी माझ्याकडे सोपवलं. मंडळाची पद्धत अशी की एका नोंदीला एक कार्ड, आणि कार्डावर चार ओळी. पाचवी ओळ मावत नसे. तेव्हा शेवटचा रकाना सोडायचा, असं ठरलं. ‘आधीच्या मुलाचंच नाव पुन्हा येणार, ती पुनरुक्ती आहे,’ असं सर म्हणाले.

पहिले काही आठवडे मी तरीही बारीक अक्षरात तो रकाना उतरवत होते, सवय म्हणून. तेव्हा मला एक गोष्ट दिसली. दर वर्षी दिवाळीनंतर काम सुरू होताना पहिल्या मुलापुढे शेवटच्या रकान्यात एकाच गावच्या येसकराच्या बायकोचा उल्लेख येई. येसकर म्हणजे वेशीवर राखण करणारा महार. मी सरांना विचारलं, “सर, ही येसकराची बायको सारखी येते, ती कोण?” सर वाचत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “पुढचं कार्ड घ्या.” मी पुढचं कार्ड घेतलं. त्यांच्या मनात त्या वेळी काय होतं ते मला माहीत नाही. माझ्या मनात होतं ते माहीत आहे. सरांनी मला पुन्हा बोलवावं, एवढंच होतं. त्यानंतर मी त्या रकान्याकडे पाहिलं नाही, आणि आधीची बारीक अक्षरातली कार्डं पुन्हा नीट चार ओळींत लिहून काढली.

तर अशी ही वही मी त्या मुलीला सरावासाठी दिली. का दिली, तर तिचं अक्षर सुधारावं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे कंटाळवाणं काम दिलं की ती गळेल, असं मला वाटलं होतं. आधी तिला जमाखर्चाची बाडं देऊन पाहिली होती, ती तिने आनंदाने वाचली. वही चांगलीच जाड होती आणि कडेने कसरीने खाल्लेली होती. म्हटलं, आता बघू.

दोन महिन्यांनी ती सरांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, “सर, पावसाळ्यात डॉक्टर कुठे असायचे?”

सर म्हणाले, “फिरतीवर.”

“नाही सर. होळीपासून दिवाळीपर्यंत घरीच राहिलो, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. दर वर्षी. आणि त्या महिन्यांतल्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यात. शेवटच्या रकान्यात आधीच्या मुलाच्या नावापुढे ‘येसकराचे बायकोने सांगितल्यावरून’ असं आहे.”

मी कपाटाशी उभी होते. खालचा पातेल्यांचा आवाज मला फार मोठा वाटायला लागला. ती पुढे सांगत होती. होळीनंतर डॉक्टर घरी परतत, जाताना शेवटचं टोचलेलं मूल त्या बाईकडे सोडत. ती दर आठव्या दिवशी, स्वतःच्या हाताने, महारवाड्यातल्या एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर लस चालवत ठेवी. तिला लिहिता येत नव्हतं. दिवाळीनंतर डॉक्टर आले की ती एकेक मूल तोंडपाठ सांगे आणि ते लिहून घेत. म्हणजे बारा महिने लस जगवण्याची जी युक्ती कळत नव्हती, ती ही बाई होती. डॉक्टरांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. लपवलं असेल तर आम्ही, चार ओळींच्या कार्डांनी.

सरांनी वही ओढून घेऊन तो रकाना स्वतः वाचला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हिला दिसतं.”

तीस वर्षांत मला तीन ‘बरं’, आणि हिला सहा महिन्यांत हे. घरी येऊन मी कुकर लावला आणि डाळीत पाणी घालायचं विसरले. पोटात दुखणं म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी नेमकं कळलं. तिच्या हुशारीचा मला हेवा होताच. त्याहून मोठा हेवा वेगळाच होता. ती पुढचं कार्ड घेणाऱ्यांतली नव्हती.

आता आमच्या मंडळाचा एक रिवाज. महिन्याच्या बैठकीत कुणालाही निबंध वाचता येतो, पण आधी मंडळातल्या एका जुन्या माणसाने तो तपासून शेवटच्या पानावर ‘तपासले’ लिहून सही करावी लागते. हे ‘तपासले’ पुण्यात फार मानतात. त्याशिवाय निबंध म्हणजे गप्पा. वहीचं काम माझं, म्हणून तिचा निबंध माझ्याकडे आला. सोबत एक मोठा कागद होता. त्यावर तिने एकेका मुलापासून दुसऱ्यापर्यंत बाण काढून एका होळीपासून दिवाळीपर्यंतची सगळी माळ दाखवली होती. इतकं नेटकं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, त्यामुळे तो कागद मी आधी उलटा करून ठेवला.

मी तो निबंध पाच आठवडे दाबून ठेवला. ती व्हॉट्सॲपवर विचारायची, “मॅडम, झालं का बघून?” मी लिहायची, “सवडीने.” तिने वहीचा चौथा रकाना पडताळायला माझी जुनी कार्डं मागितली. मी सांगितलं, कार्डं लावायची चालू आहेत. कार्डं बुटांच्या खोक्यांत गेली कित्येक वर्षं लावूनच ठेवलेली होती. तिकडे दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं येऊन पडली होती. मुखपृष्ठाचा नमुना आला होता आणि त्यावर माझं नाव अगदी मला हवं तसं, सरांच्या नावापेक्षा थोडंसंच लहान होतं. तिचा निबंध वाचला गेला की ती आवृत्ती थांबणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. डॉक्टर लस टोचत फिरले एवढं खरं राहणार होतं, पण ज्यासाठी पाटी लागली ते दुसऱ्या कुणाचं ठरणार होतं.

तेव्हा मी तिची चूक शोधायला बसले. सकाळी पोळ्या झाल्या की बसायची ती चार वाजेपर्यंत. आयुष्यात मी कुठल्याही कामावर इतकी मेहनत घेतली नसेल. प्रत्येक बाण वहीशी ताडून पाहिला, प्रत्येक आठवडा तिथीने मोजला. हेव्याने माणूस किती बारकाईने वाचतो ते ज्यांना कधी हेवा वाटला नाही त्यांना कळणार नाही. आणि अखेर सापडली. भर श्रावणात एका मुलीच्या दंडावरून पुढच्या मुलाला टोचलं होतं ते आठव्या नव्हे, अकराव्या दिवशी. अकराव्या दिवसापर्यंत फोड वाळतो, त्यात लस उरत नाही. म्हणजे माळ तिथे तुटत होती. म्हणजे त्या वर्षी लस मेली होती, आणि दिवाळीनंतरची लस दुसरीकडून आली असणार. येसकराच्या बायकोचं श्रेय तिथेच संपत होतं.

मला इतका आनंद झाला की फोनवर सांगून तो संपवावासा वाटेना. रविवारी सकाळी मी रिक्षा करून येरवड्याला तिच्या घरी गेले. त्या श्रावणातली कार्डं पर्समध्ये घेतली होती, तोंडावर दाखवायला.

दार तिच्या आईने उघडलं. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, आणि टेबलावर माझ्या मोडीच्या वर्गातल्या तक्त्यांची वही. त्यातलं अक्षर मला आधी माझंच वाटलं. मुलीने माझं वळण हुबेहूब उचललं होतं.

“बसा ना मॅडम. आमच्याकडे रोज तुमचंच नाव चालतं,” आई म्हणाल्या. “मॅडमनी तपासल्याशिवाय मी एक शब्द बाहेर सांगणार नाही, म्हणते. ऑफिसातसुद्धा सांगितलं नाही तिने.”

मुलगी चहा घेऊन आली. मी चहाला हात न लावता अकरावा दिवस तिच्यासमोर ठेवला. तिने कागद ओढून घेतला, बोटांवर मोजलं, आणि तिचा चेहरा उतरला. खोटं कशाला सांगू, तो उतरताना बघायला मला फार बरं वाटलं.

“हे माझं राहिलं,” ती म्हणाली. “बरोबर आहे मॅडम. इथे तुटतंय.”

तिने वाद घातला असता तर मी जिंकले असते. तिने मान्य केलं आणि माझ्या हातात काहीच उरलं नाही. तेवढ्यात तिच्या आईने विचारलं, “कशाचे दिवस मोजताय?” मुलीने सांगितलं.

“अगं, पण सगळ्यांना आठव्या दिवशीच कसं येईल?” आई म्हणाल्या. “आम्ही बीसीजी देतो ना बाळांना, त्याची गाठ कुणाला लवकर येते, कुणाला उशिरा. अशक्त बाळाला तर येतच नाही लवकर, आया घाबरून दवाखान्यात घेऊन येतात. ती मुलगी कशी होती? काही लिहिलंय का?”

“चौथ्या रकान्यात असणार,” मुलगी म्हणाली. “पण त्या पानाची ती बाजू कसरीने खाल्लीय. म्हणून तर मी मॅडमची कार्डं मागत होते.”

कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी ते काढलं आणि आधी स्वतःशी वाचलं. तीस वर्षांपूर्वी, कसर लागायच्या आधी, माझ्याच हाताने चौथ्या ओळीत लिहिलं होतं: ‘उशिरा उठल्या. मूल अशक्त.’ काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फोड तीन दिवस उशिरा आला होता, म्हणून ती बाई तीन दिवस थांबली होती. तिला आपलं काम कळत होतं. माळ कुठेही तुटलेली नव्हती.

आणि हे जगात आता फक्त त्या कार्डावर होतं. वहीचा तो कोपरा गेला होता. मी कार्ड पर्समध्ये परत ठेवलं, “घरी जाऊन बघते,” म्हणाले आणि गार झालेला चहा पिऊन उठले. दोघी मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या. आईंनी माझ्या हातात घरच्या चकल्यांची पिशवी दिली. मला त्या घराचाही हेवा वाटला. शंका आली की विचारायला तिथे कुणीतरी होतं, आणि विचारल्यावर मान वर करून उत्तर देत होतं.

कार्ड दोन दिवस पर्समध्ये राहिलं. तिसऱ्या दिवशी मी निबंधाच्या शेवटच्या पानावर ‘तपासले’ लिहिलं, सही केली आणि कार्ड टाचणीने जोडलं. मला एकदम सद्बुद्धी सुचली, असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. मला एवढंच सुचलं होतं की माझ्या कार्डाशिवाय तिची माळ अपुरी आहे. तिच्या त्या नेटक्या कागदावर एक दुवा माझा असेल, आणि तिला ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल. त्या एका वाक्यासाठी मी मुखपृष्ठ सोडलं. छापखान्यात फोन करून मुद्रितं थांबवायला मीच सांगितलं.

बैठकीला खोली भरली होती. डॉक्टरांच्या घराण्यातले दोघे जण पुढच्या रांगेत बसले होते. सर नेहमीच्या खुर्चीत, कानात यंत्र लावून. ती न अडखळता वाचत गेली. मी तिच्या अकराव्या दिवसाची वाट बघत बसले होते. तो आला. ती म्हणाली, “या मुलीच्या देवी उशिरा उठल्या, याची नोंद मंडळाच्या कार्डसंग्रहात मिळाली.”

मंडळाच्या कार्डसंग्रहात. रिवाजाप्रमाणे अगदी बरोबर होतं ते. मीच वर्गात शिकवलं होतं, दाखला द्यायचा तो संग्रहाचा, उतरवणाऱ्याचा नव्हे. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. मुखपृष्ठही गेलं आणि वाक्यही गेलं.

वाचन संपलं. मग पुढच्या रांगेतून प्रश्न आला, अगदी गोड आवाजात, “ही बाई तुमच्या घराण्यातली का?”

“नाही,” ती म्हणाली. “असती तरी वहीत तेच असतं.”

मागच्या बाकावरच्या एका वृद्ध सभासदांनी हात वर केला. “एक शंका आहे. ही वही इतकी वर्षं इथे आहे. उतरवून झाली, पुस्तक झालं. मग हा रकाना कुणाच्याच दृष्टीस कसा पडला नाही?”

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर काठीच्या मुठीकडे बघत होते. मुलगी मला आणि सरांना सांभाळून घेत म्हणाली, “आधीच्या प्रतीत तो घेतलेला नव्हता, त्यामुळे तो पहिल्यांदा आत्ताच...”

“मला दिसला होता,” मी म्हणाले.

मी उभी राहिले होते. हे मी खरेपणासाठी केलं असं पुढे दोन-चार जणांनी मला भेटून सांगितलं, आणि मी त्यांना चहा पाजला. पण ते तसं नव्हतं. ‘पहिल्यांदा’ हा शब्द मला सहन झाला नाही. पहिल्यांदा पाहिलं होतं ते मी. तिच्या आधी, तिच्यापेक्षा तीस वर्षं आधी ती येसकराची बायको मला दिसली होती, आणि हे श्रेय त्या मुलीला जाऊ देणं मला शक्य नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी भर बैठकीत करून घेतलं.

“मग लिहिला का नाही?” वृद्ध सभासद म्हणाले. “वगळला कुणी?”

सरांकडे एकदा पाहिलं असतं तरी पुरलं असतं. सगळ्यांना कळलं असतं. पण इतक्या वर्षांनी काहीतरी एक माझ्या एकटीचं होऊ पाहत होतं, आणि दोषातसुद्धा मला वाटेकरी नको होता. मी म्हणाले, “मी वगळला.”

मुलीने पेनाचं टोपण काढलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया तर मुळीच नव्हती. मी शिकवलेल्या पद्धतीप्रमाणे तिने विचारलं, “तळटीप द्यावी लागेल, मॅडम. कधीची गोष्ट?”

“तुझ्या जन्माच्या आधीची,” मी म्हणाले. तिने ते लिहून घेतलं.

बैठक संपली. जिन्यावर सरांचा हात धरून मी त्यांना उतरवत होते. अर्ध्या जिन्यात ते थांबले आणि म्हणाले, “तुम्ही मला तेव्हा काही विचारलं होतं का?” मी म्हणाले, “विचारलं होतं. येसकराच्या बायकोबद्दल.” त्यांनी आठवून पाहिलं. मग प्रामाणिकपणे मान हलवली. “मला नाही आठवत. पण तुम्ही म्हणता म्हणजे असेल.” ज्या एका वाक्यावर मी तीस वर्षं काढली, ते बोलणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं. मी त्यांना रिक्षात बसवलं आणि काठी आत दिली.

निबंध मंडळाच्या वार्षिक अंकात छापून आला. दुसरी आवृत्ती आता निघणार नाही. चौकातली पाटी बदलायचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून दिला आहे आणि तो कुठल्याशा टेबलावर पडून आहे. मुलीने अंकाची पहिली प्रत मला घरी आणून दिली. ती गेल्यावर मी सरळ तळटिपांचं पान काढलं.

टीप तीन ओळींची आहे. या बाईचा उल्लेख प्रथम कुणाच्या पाहण्यात आला, आणि त्यांनी तो नकलेतून वगळला, एवढंच त्यात लिहिलं आहे. मी ती पुनःपुन्हा वाचली. त्यात एक अक्षरही चुकलेलं नाही. मग मी मूळ मजकूर वाचायला घेतला. वीस पानांत त्या बाईला सगळीकडे येसकराची बायको म्हटलं आहे, कारण डॉक्टरांनी वहीत तिचं नाव कधी लिहिलंच नाही आणि आता ते कुठे मिळण्यासारखंही नाही. जिने लस जगवली तिचं नाव त्या अंकात नाही. जिने तिला वगळलं तिचं आहे, वडिलांच्या नावासकट, पूर्ण.